लॉकरपासून उशीपर्यंत : इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचं परीक्षण

नावनोंदणीच्या टेबलावर आधी मोबाईल जातो. मग पाकीट, स्मार्ट घड्याळ, अंगठी, साखळी, सोबत आणलेलं पुस्तक, वही, पेन. जपमाळ आणि दंडावरचा तावीतसुद्धा. सगळं एका पिशवीत घालून, नाव लिहून लॉकरमध्ये ठेवतात आणि शिबिर संपेपर्यंत ते तिथेच राहतं. खोलीकडे जाताना सामानात उरतात कपडे, साबण, टॉर्च, औषधं आणि छत्री.

सुख वस्तूंत असतं की माणसाच्या आत, यावर बोलणारे गल्लोगल्ली भेटतात. तो प्रश्न स्वतःच्या अंगावर तपासून बघायची जागा मात्र क्वचित सापडते. इगतपुरीच्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रातलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर ही तशी जागा आहे. विपश्यना म्हणजे शरीरातल्या संवेदना शांतपणे बघत राहण्याची बौद्ध परंपरेतली ध्यानपद्धत. तिच्याबद्दल भारावून जाऊन लिहिलेलं पुष्कळ आहे. इथे एखाद्या सेवेकडे बघावं तसं बघू: काय मिळतं, कुठे अडतं, कुणाला झेपतं आणि कुणी जाऊ नये.

हे शिबिर भारतात आणणारे सत्यनारायण गोयंका १९२४ साली ब्रह्मदेशातल्या मंडालेत जन्मले आणि रंगूनच्या व्यापारात मोठे झाले. पैसा, मान, गोतावळा, कशाला म्हणून तोटा नव्हता. पण अर्धशिशी अशी की कळ थांबवायला मॉर्फिन टोचावं लागे. परदेशातले मोठमोठे डॉक्टर झाले, गुण आला नाही. १९५५ मध्ये ते सयाजी (म्हणजे गुरुजी) ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल, सरकारी हिशेब सांभाळून विपश्यना शिकवणारे गृहस्थ. नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर नको, असं त्यांनी गोयंकांना आधी स्पष्ट सांगितलं होतं. पुढे लष्करी राजवटीने उद्योगधंदे ताब्यात घेतले, त्यात गोयंकांचेही गेले. १९६९ मध्ये ते भारतात आले, त्याच वर्षी जुलैत मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, आणि १९७६ पासून धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. २०१३ मध्ये ते गेले, तरी शिकवणारा आवाज आजही त्यांचाच आहे, ध्वनिमुद्रित. हॉलमध्ये समोर बसलेले सहायक आचार्य ती मुद्रणं लावतात, साधकांची विचारपूस करतात आणि शंका सोडवतात.

जाण्याआधी

शिबिर म्हणायला दहा दिवसांचं, पण रजा बारा दिवसांची टाकावी लागते. आदल्या दिवशी दुपारी नोंदणी, संध्याकाळी माहिती आणि मौनाला सुरुवात, आणि अकराव्या दिवशी सकाळी समाप्ती. अर्ज ऑनलाइन भरायचा. जागा मिळाल्याचा निरोप आला की काम झालं असं समजून बरेच जण निवांत होतात आणि तिथेच चुकतात. शिबिर जवळ आलं की ‘येणार आहात ना’ अशी पुन्हा विचारणा होते, तिला उत्तर गेलं नाही तर जागा प्रतीक्षायादीतल्या माणसाला जाते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतली शिबिरं लवकर भरतात, तेव्हा हात चटकन हलवावा.

अर्जात आजार आणि चालू गोळ्या लपवू नयेत. मधुमेह असेल, रात्री रिकाम्या पोटी राहता येत नसेल, तर ते तिथेच लिहावं. तिथे गेल्यावर संध्याकाळी जेवण मिळत नाही आणि पहिल्याच रात्री धावपळ होते. उपास चालत नाही. एकादशी, चतुर्थी, गुरुवार, ज्याचा जो नेम असेल तो दहा दिवस बाजूला ठेवावा लागतो. त्याचबरोबर पूजा, जप, पारायण, सूर्यनमस्कार, प्राणायाम हेही बंद. अनेकांना मोबाईल देण्यापेक्षा हे जड जातं, विशेषतः वर्षानुवर्षं नेम सांभाळलेल्या ज्येष्ठांना. त्यामागचं कारण साधं आहे: दोन पद्धती एकमेकींत मिसळल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. घरून निघतानाच मनाची तयारी करून आलेलं बरं, नाहीतर पाचव्या दिवशी याच मुद्द्यावर मन अडून बसतं.

तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगारेट यांना पूर्ण बंदी. मिश्री लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूत मोडते हे कित्येकदा तिथे गेल्यावर कळतं. सवय असेल तर निदान पंधरा दिवस आधी सोडायला घ्यावी. चहाचंही तसंच. दिवसाला सहा कप पिणाऱ्याला तिथे दोन मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी कपाळ ठणकू लागलं की तो दोष ध्यानाला देतो. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत आणला तर हा त्रास होत नाही.

इगतपुरी घाटमाथ्यावर आहे. जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की धुतलेला कुर्ता तीन-तीन दिवस वाळत नाही. त्या दिवसांत सुती जाड कपडे नकोत; लवकर वाळणारे, सैल, सात-आठ जोड असावेत. डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेचारला हॉलकडे जाताना दात वाजतात, तेव्हा शाल आणि मोजे हवेत. पायांत पट्ट्याच्या किंवा लेसच्या चपला-बूट नकोत. हॉलबाहेर दिवसातून बारा-पंधरा वेळा पायताण काढावं लागतं. साधं गजराचं घड्याळ बरोबर असू द्यावं.

आणि बैठकीचा सराव. निदान दोन आठवडे आधीपासून घरी रोज वीस मिनिटं जमिनीवर मांडी घालून बसावं. सोफ्यावरून थेट दहा तासांच्या बैठकीवर गेलेलं शरीर दुसऱ्या दिवशी जाब विचारतं.

दिवस कसा जातो

चारला घंटा. साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. आठ ते नऊ सामूहिक साधना, अकरापर्यंत पुन्हा बैठक. अकराला जेवण, बारा ते एक विश्रांती. त्याच वेळात आचार्यांना भेटता येतं. एकपासून पाचपर्यंत ध्यान, त्यात अडीच ते साडेतीन सामूहिक. पाचला चहा. सहा ते सात सामूहिक साधना, सात ते सव्वाआठ गोयंकांचं प्रवचन, नऊपर्यंत शेवटची बैठक, साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात ध्यान साधारण दहा तास भरतं.

जेवण शाकाहारी आणि साधं: पोळी, भात, वरण, भाजी. पाच वाजता नव्या साधकांना चहा आणि चुरमुरे-फळं असं हलकं काही मिळतं. जुन्यांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, फक्त लिंबूपाणी. अकरा वाजता पोटभर जेवून लगेच एकच्या बैठकीत डुलक्या घेणारे हॉलभर दिसतात. दुपारी दोन घास कमी खावेत, एवढा एक बदल केला तरी दुपारची दीड तासांची बैठक वाचते.

बोलणं बंद, खाणाखुणा बंद, नजरेला नजर देणंही टाळायचं. याला आर्य मौन म्हणतात. स्त्रिया आणि पुरुषांची राहण्या-जेवण्याची सोय वेगळी असते, पतिपत्नी एकत्र आले तरी दहाव्या दिवसापर्यंत भेट नाही. अडचण असेल तर शिबिराची व्यवस्था बघणाऱ्या धम्मसेवकाशी आणि आचार्यांशी बोलता येतं, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. पाणी गरम येत नाही, पांघरूण कमी पडतंय, गुडघा सुजलाय, हे सांगायचं असतं. सोसत राहणं म्हणजे साधना नव्हे.

शिकवतात ते काय

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. याला आनापान म्हणतात. श्वास जसा येतो-जातो तसा नाकाच्या दाराशी बसून बघायचा. डाव्या नाकपुडीतून आला की उजव्या, लांब की आखूड, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याचा स्पर्श कुठे होतो ते, तिसऱ्या दिवशी नाकाच्या मुळापासून वरच्या ओठापर्यंतच्या त्रिकोणात काय जाणवतं ते, आणि चौथ्या दिवशी ही जागा आणखी लहान करून नाकपुड्यांच्या खाली आणि ओठाच्या वर, मिशीच्या जागेवर लक्ष आणायचं. लहान जागेवर टिकलेलं मन धारदार होतं, आणि पुढच्या कामाला तशीच धार लागते.

इथे सर्वांत जास्त चुकतात ते प्राणायाम येणारे. नकळत श्वास लांबवतात, रोखतात, आणि छाती भरल्याची तक्रार घेऊन आचार्यांकडे जातात. श्वास मुद्दाम घ्यायचा तो फक्त काहीच जाणवेनासं झालं तर, तोही दोन-चार वेळा, थोडा जोरात. मग पुन्हा आपोआप चालणाऱ्या श्वासावर यायचं. दुसरी चूक मोजण्याची किंवा आतल्या आत नाम घेण्याची. मन लवकर शांत होतं हे खरं, पण ते आकड्यावर किंवा नामावर टेकतं आणि ओठावरची बारीक संवेदना हातची जाते.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात. आता लक्ष डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेका अवयवावरून न्यायचं. खाज, उष्णता, जडपणा, ठणका, मुंग्या, घाम, कपड्याचा स्पर्श, जे असेल ते बघायचं आणि पुढे जायचं. काहीच लागलं नाही तर तिथे मिनिटभर थांबायचं, मग पुढे. हवीशी संवेदना आली की तिला चिकटायचं नाही, नकोशी आली की ढकलायचं नाही. याच सुमारास अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात: दिवसातून तीन वेळा एकेक तास हात-पाय न हलवण्याचा आणि डोळे न उघडण्याचा निश्चय.

पहिला अधिष्ठानाचा तास कुणालाच सोपा जात नाही. चाळिसाव्या मिनिटाला गुडघ्यात जाळ उठतो. त्या वेळी दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसू लागतात, आणि शिबिराचा खरा माल तोच आहे. एक दुखणं, दुसरं त्या दुखण्याबद्दलचा आकांत. दुखण्याकडे नीट बघत राहिलं तर ते एकसंध नसतं. कधी टोचतं, कधी सरकतं, कधी चार श्वासांपुरतं नाहीसंच होतं. आकांत मात्र सलग चालू असतो, आणि तो थांबला की तेवढंच दुखणं निम्म्याने हलकं वाटतं. गुडघा तोच, उशी तीच.

अर्थात खरी इजा वेगळी. बैठक सोडल्यावर पाच-सात मिनिटांत जी कळ जाते ती बैठकीची. चालतानाही राहते, सांध्याला सूज येते किंवा पाय तासभर बधिर राहतो, ती आचार्यांना सांगून खुर्ची मागण्याची. खुर्चीवर बसल्याने काही कमी मिळत नाही.

उशी

चौथ्या-पाचव्या दिवशी हॉलमधल्या आसनांकडे नीट बघावं. पहिल्या दिवशी सगळ्यांना सारखंच मिळालेलं असतं. आता एकाच्या बुडाखाली दोन उशा, दोन्ही गुडघ्यांखाली एकेक, कमरेमागे घडी घातलेली चादर. शेजारच्याने कुठून तरी जाड फोम मिळवलेला. ज्याने चार दिवसांपूर्वी महागडा फोन मुकाट्याने टेबलावर ठेवला, तोच माणूस आता चहाच्या सुट्टीत आपला फोम कुणी उचलला तर नाही ना हे बघायला लगबगीने परत येतो. भिंतीलगतची जागा, नळाला पहिल्यांदा येणारं गरम पाणी, संध्याकाळच्या ताटलीतलं मोठं केळं, या सगळ्यांवर मालकी बसते.

वस्तू काढून घेतल्या तर हाव जाईल, ही समजूत इथे चार दिवसांत मोडते. धरायला काही उरलं नाही की मन उशी धरतं.

याच्याही पुढची पायरी सातव्या-आठव्या दिवशी येते. काहींना अंगभर बारीक, मऊ, वाहती संवेदना लागू लागते. फार छान वाटतं. दुसऱ्या दिवशी ती येत नाही आणि माणूस कासावीस होतो. पूर्ण दिवस ‘कालचं’ शोधण्यात घालवतो. गोयंका प्रवचनांतून याबद्दल वारंवार बजावतात, तरी जवळजवळ प्रत्येक जण या खड्ड्यात एकदा पडतोच. सुख बाहेर नाही, आत आहे, असं म्हणत आलेला माणूस इथे बघतो की आतलं सुखसुद्धा त्याने फ्रिजसारखं विकत घेऊन घरी लावायला घेतलंय. आत आणि बाहेर यांत म्हणूनच फार फरक करता येत नाही. मनाची झडप दोन्हीकडे तीच असते. शिबिरात ती झडप घालायची सवय तासातासाने दिसते आणि थोडी सैल होते. स्वभाव म्हणतात तो याच सवयींचा बनलेला असतो आणि सरावाने बदलतो, हे इथे पटतं. ज्यांना पटत नाही ते बहुधा दहाही दिवस संवेदनांचे गुण मोजत बसलेले असतात.

उणं काय

शिकवण सगळी ध्वनिमुद्रित असल्याने ती कुठल्याही केंद्रात सारखी राहते, ही तिची मोठी ताकद. उणं असं की आचार्यांबरोबरची भेट काही मिनिटांचीच होते आणि उत्तर बऱ्याचदा ‘समतेने बघत राहा’, म्हणजे न चिकटता, न ढकलता बघा, एवढंच असतं. पद्धतीपुरतं ते बरोबर आहे. पण नुकतंच जवळचं माणूस गेलेल्याला, किंवा दडपलेली आठवण अचानक वर आलेल्याला, एवढं पुरत नाही. प्रवचनं रसाळ, गोष्टींनी भरलेली, हिंदीचा बाज अस्सल मारवाडी. संप्रदायाशी संबंध नाही असं त्यांत पुनःपुन्हा सांगितलं जातं, मात्र पुनर्जन्म आणि संस्कारांची बौद्ध मांडणी त्यांत विणलेली असते. न पटेल ते बाजूला ठेवून नुसता सराव करावा, अशी मुभा ते स्वतःच देतात. ती घ्यावी.

तीव्र मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, आणि चालू गोळ्या शिबिरासाठी कुणीही बंद करू नयेत. दिवसाला दहा तास मौनात बसणं हे नाजूक मनाला औषध न ठरता ओझं होऊ शकतं. हे उपचारांना पर्याय नाही, असं नियमावलीतही लिहिलेलं आहे. नातेवाइकांनी ‘सुधारेल’ म्हणून कुणाला बळजबरीने पाठवू नये.

मधूनच निघून जावंसं वाटणं मात्र आजार नव्हे. दुसरा आणि सहावा दिवस जड जातात, हे गोयंकाही सांगतात. त्या दिवशी पिशवी भरायला घेतली तर संध्याकाळचं प्रवचन ऐकून मग ठरवावं.

पैशाची बाजू

राहणं, जेवण, शिकवणं, कशालाच शुल्क नाही. आचार्यांना आणि सेवकांना मानधन नाही. खर्च दानातून चालतो, आणि दान घेतात ते फक्त दहा दिवसांचं एक तरी शिबिर पूर्ण केलेल्यांकडून. तिसऱ्या दिवशी निघून जाणाऱ्याने जेवणाचे पैसे देऊ केले तरी घेत नाहीत. दहाव्या दिवशी दानाचं टेबल असतं; पावती मिळते, आकडा कुणी सुचवत नाही.

या व्यवस्थेचा एक अर्थ फार थोड्यांच्या ध्यानात येतो. दहा दिवस आत बघायला मिळतं कारण आधी येऊन गेलेल्या कुणीतरी आपल्या डाळ-तांदळाचे पैसे ठेवलेले असतात. कोरडं अंथरूण, वेळेवर जेवण, रात्रीची सुरक्षितता, हे भौतिकच आहे, आणि ते नसेल तर चारला उठून मिशीच्या जागेवर लक्ष ठेवणं कुणालाच जमणार नाही. म्हणून गरिबाला ‘सुख तर मनात असतं’ असं ऐकवण्यासाठी या शिबिराचा दाखला कुणी देऊ नये. रोजंदारीवरच्या माणसाला शुल्क नसलेलं शिबिरसुद्धा महाग पडतं. बारा दिवसांची मजुरी बुडते. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात एकाच वेळी हजारावर कैदी शिबिराला बसले, तेव्हा त्यांच्याकडे वेळ, छप्पर आणि जेवण तरी होतं. घर चालवणाऱ्या बाईकडे ते तिन्ही असतातच असं नाही. तिला जायचं असेल तर घरच्यांनी बारा दिवस चूल आणि मुलं आपल्या अंगावर घ्यावीत. दानाच्या पेटीत टाकलेल्या नोटेहून ते मोठं दान आहे.

परत आल्यावर

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान, शिकवतात आणि मौन सुटतं. तो दिवस मुद्दाम ठेवलेला आहे, एकदम गर्दीत फेकलं जाऊ नये म्हणून. तरी लॉकरमधून फोन हातात आला की पहिल्या तासाभरात तीनशे निरोप उघडणारे असतातच. निदान घरी पोचेपर्यंत फक्त घरच्यांना एक फोन करावा आणि तो बंद ठेवावा. स्वतः दुचाकी किंवा मोटार चालवत परत जायचा बेत करू नये. डोकं दोन दिवस जरा हळूच चालतं.

घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलेलं असतं. इथे बहुतेक जण गळतात, आणि कारणं ठरलेली. संध्याकाळची बैठक जेवणानंतर ठेवली तर झोप लागते, म्हणून ती कामावरून आल्या आल्या, हात-पाय धुऊन, जेवणाआधी उरकावी. सकाळचा तास जमत नसेल तर अर्ध्या तासाने सुरुवात करावी, पण वेळ आणि जागा बदलू नये. पलंगावर बसू नये. बैठक उंचीने चार ते सहा इंच ठेवावी, उशीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसावं म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठ आपोआप सरळ होते. मन फारच भटकत असेल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं आनापान, मग विपश्यना, शेवटची पाच मिनिटं मैत्री. पुण्यात, मुंबईत आणि इतरही शहरांत जुन्या साधकांच्या साप्ताहिक सामूहिक बैठका आणि एक दिवसाची शिबिरं होतात. पहिल्या तीन महिन्यांत त्यांतल्या दोन-तीन तरी गाठाव्यात. आणि उशी एकच ठेवावी.